भागीकाकींची वालपरीक्षा

आमच्या आळीत कोण मर्जीत आहे आणि कोण उतरलंय हे कळायला कुणाला विचारावं लागत नसे. मार्गशीर्षात भागीकाकींच्या परसातून वालाच्या शेंगा निघायला लागल्या की घरोघर सूपभर शेंगा जात. सूप दारात आलं की घरातल्या बायका आधी शेंगा बघत आणि मग एकमेकींची तोंडं. कोवळ्या, नुकता दाणा धरलेल्या, बोटानं वाकवली की मोडणाऱ्या शेंगा आल्या तर आपलं बरं चाललंय असं समजायचं. निबर, दोरीसारख्या शिरांच्या आल्या तर गेल्या पंधरवड्यात आपण कुठे, कुणाजवळ, काय बोललो ते आठवत बसायचं. शेंगा मात्र कुणाच्या चुकत नसत. "भांडण असलं म्हणून भाजी बंद करायची होय?" असं काकी म्हणत, आणि निवडून निवडून निबर शेंगा पाठवत.

मी लग्न होऊन श्रीवर्धनला आले तेव्हा जंजिरा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. राज्य बदललं तरी आळीचा कारभार काकींकडेच राहिला होता. पहिल्या हिवाळ्यात माझ्या नावानं वेगळं सूप आलं, कारण नव्या सुनेला पहिल्या वर्षी वेगळं सूप द्यायची त्यांची पद्धत होती. त्यात निम्म्या शेंगा कोवळ्या होत्या आणि निम्म्या जून. माझ्या सासूबाईंनी त्या हातानं खालीवर करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "तुझं अजून काही ठरलेलं नाही." दुसऱ्या वर्षी सगळ्या कोवळ्या आल्या, तेव्हा सासूबाईंनीही माझ्याशी जरा बऱ्या शब्दांत बोलायला सुरुवात केली.

काकींचं घर आमच्या शेजारीच होतं, मध्ये कंबरेएवढा दगडी गडगा. ठेंगण्या, काटक, कपाळ मोकळं, लुगड्याचा ओचा खोचलेला आणि कमरेला कोयती. नवरा तापानं गेला तेव्हा मुलगा दिगू लहान होता. पोफळीची वाडी त्यांनी दुसऱ्याला करायला दिली, पण घरामागच्या परसाला कुणाला हात लावू दिला नाही. तिथे चिरलेल्या पोफळीच्या खांबांवर बांबू टाकून मांडव घातलेला असे आणि त्यावर वालाच्या वेली. मांडवाखाली वहाण घालून जायचं नाही, शिंकायचं नाही आणि शेंगांकडे बोट दाखवायचं नाही. बोट दाखवल्यानं शेंग किडते असं त्यांचं मत होतं. एका पाहुण्यानं एकदा काठीनं दाखवलं, तर "काठीनं दाखवलं म्हणून काय सोवळं झालं?" असं त्याला ऐकावं लागलं.

मांडव दरवर्षी पारू बांधायची. ती डोंगराकडच्या वाडीतून यायची आणि काकींना न घाबरणारी आख्ख्या तालुक्यात ती एकटीच असावी.

"काकी, ह्यो खांब हलतोय. बदलू का?"

"खांब नाही हलत, तू हलतेस."

"व्हय, मीच हलतेय," पारू म्हणायची आणि मुकाट्यानं खांब बदलायची.

वेलींशी काकी बोलत, पण लोक झाडांशी जसं गोड बोलतात तसं नव्हे. "लाज कशी वाटत नाही तुला? ती पलीकडची बघ, तुझ्यानंतर लावलेली, फुलून आलीय. आणि तू नुसती पानं मिरवतेस." असं पंधरा दिवस ऐकून घेतल्यावर ती वेल फुलायचीच. फुलायची वेळच आलेली असायची हे खरं, पण आळीत सगळे म्हणत की भीतीनं फुलली. मावा पडला की राख फुंकत, आणि फुलं धरली की पाण्याचा तांब्या आवरता घेत. "फार लाड केले की पानं होतात, शेंगा होत नाहीत," असं म्हणून त्या आमच्या घराकडे बघत, कारण माझे धाकटे दीर तेव्हा दोनदा मॅट्रिक नापास झाले होते.

एका वर्षी बदलून आलेले मामलेदार कुणाच्या तरी ओसरीवर बोलून गेले की वाल खावे तर पेणचे. हे वाक्य ओसरीवरून परसापर्यंत पोचायला दुपार लागली नाही. त्या हिवाळ्यात मामलेदारांकडे ज्या शेंगा गेल्या त्या त्यांच्या गड्यानं गाईपुढे टाकल्या आणि गाईनं हुंगून सोडल्या, असं पारू सांगायची. शेवटी मामलेदारीणबाई हळदीकुंकवाचं निमित्त करून आमच्याकडे आल्या, गडग्याशी उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "यांना ना, चव म्हणून कसली कळत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कोवळ्या शेंगा गेल्या. तालुक्याचा कारभार मामलेदारांच्या हातात होता असं सरकारचं म्हणणं होतं, एवढंच.

सरकारही एकदा परसात येऊन गेलं. धान्य जास्त पिकवा म्हणून तेव्हा सगळीकडे सांगत फिरत. शेतकी खात्याचा एक तरुण अंमलदार खाकी अर्ध्या चड्डीत आला आणि काकींच्या हातावर पुडी ठेवून म्हणाला, "आजी, हे सुधारलेलं बियाणं आहे."

"काय करत होतं आधी?" काकींनी विचारलं.

"म्हणजे?"

"सुधारलं म्हणतोस. आधी काय वाईट वागत होतं?"

तो बिचारा हसला. काकी हसल्या नाहीत. त्यांनी त्याला चहा दिला, पुडी कोनाड्यात ठेवली आणि पावसाळ्यात ती कोंबड्यांपुढे टाकली. आपलं बियाणं त्या राखेत घोळवून मडक्यात ठेवत आणि त्या मडक्याला दिगूलाही हात लावू देत नसत.

इथवरच्या काकी मला आवडत. लांबून बघायला तर फारच आवडत. पण त्यांनी वालांचा उपयोग ज्या एका कामासाठी केला त्यावरून मला त्यांचा राग यायचा, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. वालावरून त्या दिगूसाठी मुली पारखत.

आमच्याकडे वालाचं बिरडं म्हणजे घरची अब्रू. वाल रात्री भिजत घालायचे, उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. दाणा मागच्या बाजूनं असा दाबायचा की साल हातात राहतं आणि डाळिंबी सरकन बाहेर येते, मोडासकट, दोन्ही पाकळ्या एकमेकींना धरून. जोर जास्त झाला की पाकळ्या सुटतात. सुटलेल्या डाळिंब्यांचंही बिरडं होतं आणि खाणाऱ्याला काही फरक कळत नाही. पण बायकांना कळतो, आणि भागीकाकींना तर पलीकडच्या आळीतला कळायचा.

मुलगी दाखवायला आणली की इतरांकडे पोहे व्हायचे, नाव-गाव विचारायचे, जमलं तर गाणं म्हणायला सांगायचे. काकींकडे पोहे झाले की मधल्या खोलीत पाट मांडला जायचा, पुढे परात यायची आणि त्यात मोड आलेले वाल. "हे एवढे सोल गो," काकी सहज सांगितल्यासारखं म्हणत, "तोवर आम्ही मांडव बघून येतो." मग मुलीच्या आईबापांना मांडवाखाली नेऊन वहाणा काढायला लावत. मधल्या खोलीत मुलीला कुणी मदत करू नये म्हणून पहाऱ्यावर शेजारची सून, म्हणजे मी.

पहिली मुलगी पेणची होती, दिसायला चांगली, हातानं चलाख. चलाखीच नडली, चार डाळिंब्या सुटल्या. काकींनी त्या चार वेगळ्या काढून वाटीत ठेवल्या आणि मुलीच्या वडिलांसमोर धरल्या. "हात जड आहे हो," त्या म्हणाल्या. "आज डाळिंबी फोडलीन, उद्या घर फोडेल." दुसरी गिरगावातली. तिनं परातीकडे बघून माझ्या कानात विचारलं, "यांना मोड आलेत, टाकून द्यायचे का?" मी तिला गप्प करायच्या आत काकी उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. त्या पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा मिळाला नाही.

मग मुरुडची आली. काय सोलले तिनं वाल! एकही पाकळी सुटली नाही, मोड सगळे शाबूत, आणि पदराला पाण्याचा थेंब नाही. मला इतका आनंद झाला की मी गडग्यावरून सासूबाईंना खूण केली, आणि त्यांनी लग्नात नेसायच्या लुगड्याचा विचारही सुरू केला. काकींनी डाळिंबी न् डाळिंबी उलटून पाहिली. काही सापडेना तेव्हा पाणी थंड झालं आहे का ते बोट घालून बघितलं. दोन दिवसांनी निरोप गेला की जमत नाही. मी धीर करून कारण विचारलं.

"मुलगी फार तयार आहे," काकी म्हणाल्या. "इतकी तयार मुलगी घरात आली की आपण कुठे बसायचं ते ती ठरवते."

तेव्हा मला कळलं की या परीक्षेत पास होण्याची सोयच ठेवलेली नाही. जिचे वाल फुटतात ती नालायक, आणि जिचे फुटत नाहीत ती फारच लायक.

दिगू कचेरीत कारकून होता. सडपातळ, मान खाली घालून चालणारा, कुणी विचारल्याशिवाय न बोलणारा. मुलगी बघायच्या कार्यक्रमात तो भिंतीकडच्या खुर्चीवर बसे आणि दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखा पोहे खाई. घरात बहीण नव्हती, म्हणून लहानपणी काकींनी त्यालाच वाल सोलायला बसवलं होतं, आणि तिशी उलटली तरी तो मागच्या पायरीवर बसून आईला वाल सोलून देई. मुलगा वाल सोलतो हे बाहेर कळलं तर हसं होईल, म्हणून परसाचं दार लावून. पण गडगा कंबरेएवढाच होता. मला दिसायचं. त्याची एक लहान मुलासारखी सवय होती. सोललेली सालं तो फेकत नसे, टोपीत टोपी घालावी तशी एकात एक बसवायचा आणि परातीच्या काठानं त्यांची रांग लावायचा. हे त्याचं त्यालाही कळत नसावं.

एकदा मी विचारलं, "भाऊजी, इतक्या मुली आल्या, तुम्हाला कुठली आवडली होती का?"

त्यानं हातातला वाल सोलला, साल रांगेत बसवलं आणि म्हणाला, "मला कुणी विचारलं नव्हतं, वहिनी."

मला रडूच आलं. घरात जाऊन मी सासूबाईंना म्हटलं की ही बाई स्वतःच्या पोराचं वाटोळं करतेय आणि तुम्ही सगळ्या तिच्या शेंगा मोजत बसलाय. सासूबाई म्हणाल्या, "हळू बोल." त्या हिवाळ्यात आमच्याकडे निबर शेंगा आल्या. मी मुद्दाम त्यांची भाजी केली आणि सगळ्यांना खायला लावली.

वर्षं गेली. आधी पत्रिका मोठमोठ्या घरांतून येत. मग जरा लांबून यायला लागल्या. मग पत्रिकेबरोबर निरोप यायला लागले, की मुलीचा एक डोळा किंचित बारीक आहे, किंवा आधीचं मोडलेलं आहे. शेवटी कुणीतरी विचारून पाठवलं की मुलाचं हे दुसरेपण आहे का. दिगूच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. काकींनी त्या माणसाला असं काही ऐकवलं की तो परत आला नाही. पण त्या दिवशी त्यांनी वेलींना काही ऐकवलं नाही, मांडवाखाली नुसत्या बसून राहिल्या.

त्याच सुमाराला पोस्टमास्तर बदलले. नवे साताऱ्याकडचे होते. जात एकच, पण मध्ये सगळा घाट. त्यांची मुलगी शालन मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. तिचंही लग्नाचं वय त्या वेळच्या हिशेबानं उलटून गेलं होतं, पण तिला त्याचं काही वाटत असल्याचं दिसत नसे. ती मोठ्यानं हसायची, इतकं की पोस्टाच्या खिडकीशी उभं राहिलं तर मागच्या बिऱ्हाडातलं हसू ऐकू यायचं. दिगू रोज पोस्टात जाऊन कार्डं आणायला लागला. इतकी कार्डं लिहावीत असे नातेवाईक त्याला नव्हते, हे आळीला माहीत होतं. महिन्याभरात काकींच्या कोनाड्यात कोऱ्या कार्डांची चवड जमली. एक दिवस तो जेवताना आईला म्हणाला, "पोस्टमास्तरांच्या शालनला बघायला बोलाव."

हे मला काकींनीच गडग्यावरून सांगितलं. कुणीतरी घरातली तांब्याची घागर चोरून नेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "मी कशाला नको म्हणू?" त्या म्हणाल्या. "येऊ दे. सोलू दे."

त्याच आठवड्यात पोस्टमास्तरांकडे सूप गेलं. त्यातल्या शेंगा इतक्या जून होत्या की तशा मी मामलेदारांच्या वेळीही पाहिल्या नव्हत्या. दोन दिवसांनी पोस्टमास्तरीणबाई हसत हसत वाटी घेऊन आल्या. "काकी, दाणे कसे टपोरे भरले होते हो," त्या म्हणाल्या. "आम्हाला असलेच आवडतात. सालासकट उसळ केली, थोडी तुम्हाला आणली."

एवढ्या वर्षांत काकींच्या शेंगा कुणाला वाचता आल्या नाहीत असं पहिल्यांदाच घडत होतं. काकींनी वाटी घेतली, "बसा" म्हणाल्या, आणि त्या बाई गेल्यावर वाटी तशीच गडग्यावरून माझ्या हातात दिली. "सालासकट," त्या म्हणाल्या. "गुरांना घालतात तसं." आम्ही खाल्ली. चांगली झाली होती.

बघण्याचा दिवस आला. शालन आईवडिलांबरोबर आली, पोहे झाले, पाट मांडला, परात आली. काकी पाहुण्यांना घेऊन मांडवाकडे गेल्या आणि मी उंबऱ्याशी बसले. दिगू बाहेर पडवीत खुर्चीवर होता. शालननं पहिला वाल उचलून असा दाबला की तो बोटांतून उडाला आणि भिंतीवरच्या दिगूच्या वडिलांच्या फोटोवर आपटला. ती हसली. मग जीभ चावून माझ्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, आम्ही सोलत नाही ओ. साल वाईट असतं का?"

आळीत हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. दुसरा वाल तिनं हळू दाबला तर निघेचना, तिसऱ्याच्या पाकळ्या वेगळ्या झाल्या. मांडवाकडून काकींचा आवाज येत होता, "बोट नका दाखवू." आणि एवढ्यात दिगू आत आला. बाह्या दुमडल्या, परातीशी मांडी घालून बसला आणि सोलायला लागला. शालन तोंड उघडं टाकून त्याच्या हातांकडे बघत राहिली. मला एकदम चुलीवरच्या दुधाची आठवण झाली आणि मी माझ्या घरी निघून गेले. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

मी परत आले तेव्हा परातीत पांढऱ्या-हिरव्या डाळिंब्या पडल्या होत्या, शालन हात मांडीवर ठेवून बसली होती आणि दिगू बाहेर खुर्चीवर. काकी आत आल्या. वाकून डाळिंब्या पाहिल्या, एक उचलली, उलटली, ठेवली. मग त्यांची नजर परातीच्या काठाकडे गेली. काठानं सालांची रांग होती, टोपीत टोपी.

पोस्टमास्तरीणबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, आमच्या शालीला जमलं की. घरी कधी केलं नव्हतं हो."

काकींनी रांगेच्या टोकाचं एक साल उचललं आणि परत जागच्या जागी ठेवलं. मग त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. दिगू भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्या सदऱ्याच्या दुमडलेल्या बाह्या ओल्या होत्या.

"हात बरा आहे," काकी म्हणाल्या. "घरातलाच वाटतो."

सालं उचलायला मी पुढे झाले तर म्हणाल्या, "राहू दे, मी बघते."

दुसऱ्या दिवशी गडग्यावरून त्यांनी मला विचारलं, "सुमन, काल दूध उतू गेलं होतं का गो?"

"नाही काकी."

"मग बरं झालं." त्या थोडा वेळ गडग्याच्या दगडावर हात फिरवत उभ्या राहिल्या. "इतक्या मुली आल्या. एकीसाठी खुर्चीवरून उठला नव्हता." एवढं बोलून त्या आत गेल्या, आणि मला वाटतं डोळे पुसायलाच गेल्या.

लग्न झालं. आता शालनची काही खैर नाही असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, पण झालं भलतंच. काकी टोमणे मारत आणि शालनला ते लागतच नसत. "आमच्याकडे सुना उन्हं वर यायच्या आत उठत," असं काकींनी म्हटलं की ती म्हणे, "बापरे, मग दुपारी झोपत असतील," आणि हसे. काकींनी आयुष्यभर धार लावून ठेवलेली वाक्यं अशी वाया चालली होती. पारू तर म्हणायची, "काकी, तुमाला आता जोडीदारीन पायजे व्हती भांडायला, ही न्हाय पुरी पडायची." वाल सोलायला शालन शिकली नाही ती नाहीच. दिगूच सोलायचा, परसाचं दार उघडं टाकून, आणि जाणारेयेणारे बघायचे. दोन-चार दिवस लोक हसले, मग कंटाळले. पुढे शालनला मुलगी झाली, काकींची बोटं संधिवातानं वाकडी झाली, कोयती सुटली, आणि मांडवाचं कामही दिगू न् पारू बघायला लागले. काकी खाली पाटावर बसून दोघांना ऐकवत असत.

साठ साल उलटून गेल्यावर आमच्या ह्यांची अलिबागला बदली झाली. सामान गेलं होतं, दुपारच्या यष्टीनं आम्ही निघणार होतो. निरोप घ्यायला गेले तर काकी एकट्याच जेवत बसल्या होत्या. शाळेला सुट्टी होती, शालन मागे विहिरीवर धुणं धूत होती. मी त्यांच्या पुढ्यात बसले आणि माझी नजर ताटात गेली. भाताशेजारी वालाची उसळ होती. सालासकट.

काकींनी माझं तोंड वाचलं.

"मला आता सोलवत नाही, दिगूला कचेरीतून यायला उशीर होतो," त्या म्हणाल्या. "मग ती करते अशीच. महिना झाला."

"कशी लागते?"

त्यांनी वाकड्या बोटांनी एक घास घेतला, सावकाश चावला.

"चांगली लागते गो. तेच तर दुःख आहे."

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते तिथेच राहिलं. काकींच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"परवा म्हसळ्याला गेलो होतो आम्ही," त्या म्हणाल्या. "दिगू पुढे बसला होता पोरीला घेऊन, मी मागे. कंडक्टर त्याला म्हणतो, आजोबा, नातीला मांडीवर घ्या. दिगूनं घेतली मांडीवर. मला वाटलं, उठून त्या मेल्याच्या थोबाडीत द्यावी. मग वाटलं, त्याच्या का म्हणून?" त्या थांबल्या. "ती मुरुडची मुलगी घेतली असती तर आज याचा पोरगा इंग्रजी शाळेत असता. पेणची घेतली असती तरी असता. चार पाकळ्या सुटल्या होत्या गो, चार. कशात काय होतं? दहा वर्षं घालवली मी माझ्या पोराची."

"त्यांना सांगा एकदा," मी म्हटलं.

"सांगायचं असतं रोज. पण तो काय म्हणेल ते ठाऊक आहे. असू दे आई, म्हणेल. ते मला ऐकवायचं नाही."

बाहेर पावलं वाजली. दिगू मला निरोप द्यायला म्हणून कचेरीतून लवकर आला होता. आळीत खेळणाऱ्या पोरीला त्यानं वाटेत खांद्यावर घेतलं होतं आणि ती कुणीतरी दिलेला पेरू खात होती. त्याचं डोकं आता पुरतं पांढरं झालं होतं. त्यानं पोरीला खाली ठेवलं, तिच्या पायातली वहाण काढायला वाकला. मी पिशवी उचलून उठले.

"दिगू," काकी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा नव्हता. "तुझी दहा वर्षं मी फुकट घालवली."

दिगूचा हात वहाणेच्या बंदावर थांबला. विहिरीवर शालनचं धुणं आपटणं चालू होतं. मी दारात होते आणि मला वाटलं, आता तो ते म्हणणार.

त्यानं वर पाहिलं.

"हो आई," तो म्हणाला. "घालवलीस."

काकींनी मान हलवली. दिगूनं पोरीची दुसरी वहाण काढली, हात धुतले, आणि पाट ओढून आईच्या शेजारी जेवायला बसला.